‘ऊर्फ’ला एक रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर निधनवार्तेच्या सदरात पाच ओळींची एक बातमी आली होती. ती मी वाचली, चहाचा कप त्याच पानावर टेकवला आणि पुढं राशिभविष्याकडं वळले. अकरा दिवसांनी कळलं, की गेलेली बाई माझी वर्गमैत्रीण होती. सहावीपासून अकरावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो. बातमीत होतं ते तिचं सासरचं नाव. आडनाव बदललेलं, मधलं नाव अर्थातच नवऱ्याचं, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं. ‘पश्चात दोन मुले, सुना, एक विवाहित मुलगी, नातवंडे असा परिवार आहे.’ सोबत फोटो होता, पण पन्नास वर्षांनंतरचा, चष्म्यातला. दिवसाला जायचं राहून गेलं.

आपली काही चूक नाही. घरच्यांनी दिली तशी बातमी छापली गेली. पण मला ती ओळखू येऊ नये याची मलाच लाज वाटली, कारण सासरच्या नावावरून बाई शोधून काढणं हे काम मी ३१ वर्षं पगार घेऊन केलेलं आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत लिपिक होते. १९८० ला लागले, २०११ ला निवृत्त झाले. शाळेच्या ऑफिसात जनरल रजिस्टर म्हणजे देव्हारा. मुलगी पाचवीत आली की तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख लिहायची, रजिस्टर नंबर पडला की झालं. त्यात नंतर खाडाखोड नाही. एखादी दुरुस्ती करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आणावी लागते. पुढं त्या मुलीचं लग्न होतं, नाव बदलतं, तिला नातवंडं होतात, रजिस्टरला त्याची खबर नसते. त्यात ती कायम तीच.

मग वीस-तीस वर्षांनी ती बाई खिडकीवर येते. दाखल्याची दुसरी प्रत हवी असते, मुलाच्या जातीच्या दाखल्याला किंवा पासपोर्टला. नाव विचारलं की सासरचं सांगते. ‘लग्नाआधीचं सांगा, बाई,’ म्हटलं की बहुतेकजणी क्षणभर थांबायच्या. एक बाई मला अजून आठवतात. निराधार योजनेसाठी वयाचा पुरावा न्यायला आल्या होत्या. ‘माझं व्हय?’ म्हणून हसल्या, तोंडाला पदर लावला, भिंतीकडं बघत राहिल्या आणि मग नाव सांगितलं ते आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. हजेरी घेताना बाई हाक मारायच्या त्या क्रमानं! त्या क्रमाशिवाय त्यांना ते आठवतच नव्हतं.

दर वेळी वीस-वीस वर्षांची रजिस्टरं उपसण्यापेक्षा मी एक लाल पुठ्ठ्याची वही केली. डावीकडं सासरचं आडनाव आणि नाव, मध्ये माहेरचं नाव, उजवीकडं रजिस्टर नंबर. खिडकीवर जी बाई आली तिची नोंद त्यात व्हायची. पुढच्या वेळी तिनं कुठलंही नाव सांगितलं तरी मी नंबरापाशी पोचायची. नावं कितीही असोत, नंबर एकच. निवृत्त झाले तेव्हा त्यात हजाराच्या आसपास बायका होत्या. माझ्यानंतर ऑफिसची कपाटं हलवताना ती वही गेली. कुणाच्या हिशेबात ती शाळेचं दप्तर नव्हतीच.

आता मूळ विषय. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली तेव्हा माझ्या भावाच्या मुलानं वंशावळ लिहायला घेतली. नोंद शोधायची कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात, आणि तिच्यापासून आपल्यापर्यंत बाप-आजा-पणजा अशी साखळी जुळवायची. त्या कामाला पुरुष पुरतात. कोतवाल बुकातही जुन्या पानांवर जन्माच्या नोंदीला बापाचं नाव आणि पुढं नुसतं ‘मुलगी’ असं असतं. बारसं व्हायच्या आधीच वर्दी दिलेली. भाच्याचं काम झालं आणि त्यानं तो कागद बाजूला ठेवला. मला मात्र तो नाद लागला. एवढी माणसं आहेत, तर त्यांच्या आया कुठं आहेत? बहिणी कुठं दिल्या? भाच्यानं लॅपटॉपवर वंशावळीचा एक मोफत मिळणारा प्रोग्रॅम घालून दिला आणि म्हणाला, ‘आत्या, आता बस टाईप करत.’ बसले. माहेरकडचे जाधव, सासरकडचे पवार, आईकडचे, सासूबाईंकडचे, मिळून दीड वर्षात ४१२ माणसं झाली.

या प्रोग्रॅमची एक रीत आहे आणि ती मला पटते. बाईला तिच्या जन्माच्या आडनावानं नोंदवायचं. कारण ते एकच आडनाव आहे जे पुढं काही झालं तरी बदलत नाही. दुसरं लग्न झालं, काडीमोड झाला, विधवा होऊन माहेरी आली, तरी जन्म जिथं झाला तिथंच झाला. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया माहेरी गोदूबाई जोशी. लहानपणीच लग्न होऊन विधवा झालेल्या. १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि आनंदीबाई झाल्या, आणि लोक म्हणत राहिले बाया. जोशांकडची गोदू एवढं धरून ठेवलं की बाकीचं सगळं त्याला टांगता येतं.

पण शोधायला बसलं की गंमत कळते. आपण बाईला ओळखतो ते सासरच्या नावानं. भावकीत, सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेत, निधनवार्तेत, देवळाच्या फरशीवर ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’ असं असतं तिथं, सगळीकडं सासरचं. ते नाव शोधाच्या चौकटीत घातलं की प्रोग्रॅम कोरा हात दाखवतो. माझ्या सख्ख्या मोठ्या नणंदेला मी स्वतः टाईप केलं होतं, तरी तिच्या सासरच्या नावानं ती मला सापडेना. कारण मी तिला पवारांत घातली होती आणि शोधत होते तिच्या सासरच्या आडनावात. आणि ज्यांचं माहेर ठाऊक नाही अशा बायकांचं आडनाव मी कोरं सोडलेलं. प्रोग्रॅम यादी लावतो आडनावाच्या क्रमानं, त्यामुळं कोऱ्या आडनावाच्या सगळ्याजणी यादीच्या अगदी माथ्यावर येऊन बसल्या. मोजल्या. ६१. भागीरथी, सखू, सरस्वती, सरस्वती, सरस्वती, सोनाबाई. रोज प्रोग्रॅम उघडला की आधी या बायका दिसायच्या.

त्यातली एक मथुराबाई. माझ्या यजमानांच्या चुलत आजोबांची, रामचंद्र पवारांची, दुसरी बायको. सासरी तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की रामचंद्र मानमोडीच्या साथीत, म्हणजे १९१८ साली गेले आणि ती मूलबाळ नसल्यानं ‘तिकडं’ निघून गेली. तिकडं म्हणजे कुठं ते कुणी सांगेना. प्रोग्रॅममध्ये तिचा नंबर २६३.

आणि माहेरकडच्या झाडात ८७ नंबरला होती चंद्रा जाधव. माझ्या आजोबांची धाकटी बहीण. वडील म्हणायचे, ‘आमची एक आत्या होती चंद्राआत्या, वैनीच्या हाताखाली घरकामात असायची, कोरेगावकडं दिली होती पण नांदायला मिळालं नाही.’ नवऱ्याचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यामुळं ८७ नंबरला नवरा नाही आणि २६३ नंबरला माहेर नाही.

गेल्या वर्षी भाच्यानं जमिनीच्या कामासाठी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या फेरफारांच्या नकला काढल्या. एक १९३१ ची होती, मोडीतली. आमच्या ओळखीचे एक मोडी वाचणारे गृहस्थ आहेत, त्यांनी तांदूळ निवडावेत तसं एकेक अक्षर वाचून दाखवलं. आजोबांनी आपल्या बहिणीला हयातीपर्यंत २२ गुंठे चोळी-बांगडीसाठी लावून दिले होते, आणि बहिणीचं नाव होतं: ‘चंद्रा ऊर्फ मथुराबाई कोम रामचंद्र पवार’.

‘कोम’ म्हणजे बायको. जुन्या कागदांत बाप सांगायचा तर ‘बिन’, नवरा सांगायचा तर ‘कोम’. पुढं तलाठी दप्तरात ‘भ्र.’ आलं, भ्रतारचं. तो कारकून कोण होता देव जाणे, पण १९३१ साली त्यानं एका ओळीत तिचं माहेरचं नाव, सासरचं नाव, नवरा आणि सासरचं आडनाव असं सगळं बसवलं, आणि आजोबांची बहीण असल्यानं माहेरचं आडनाव वर आलेलंच होतं. मी घरी येऊन ८७ आणि २६३ एकत्र केल्या. प्रोग्रॅमनं विचारलं, दोन व्यक्ती एक करायच्या का? होय म्हटलं. ४१२ चे ४११ झाले. यजमानांना सांगितलं की तुमच्या चुलत आजोबांना आमच्याच घरची मुलगी दिली होती. ते म्हणाले, ‘म्हणजे जाधवांनी आम्हाला दोन पोरी दिल्या, आणि मानपान एकाच लग्नात केला.’

आता कुणी म्हणेल, हल्लीच्या प्रोग्रॅमना सासरचं नाव कळतं. कळतं, काहींना. त्यांत एक सोय असते: लग्नाची नोंद केली की बायकोच्या नावापुढं नवऱ्याचं आडनाव आपोआप लावून ते यादीत दाखवायचं. भाच्यानं मला दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये ते करून दाखवलं. पडद्यावर आलं, ‘चंद्रा पवार’. अशी बाई कधी झालीच नाही! चंद्रा होती ती जाधवांची, पवारांची होती ती मथुराबाई. ज्या देशांत हे प्रोग्रॅम लिहिले गेले तिथं लग्नात बाईचं आडनाव तेवढं बदलतं. मेरीची मेरीच राहते. आपल्याकडं माप ओलांडून आत आली की लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवीन नाव लिहितो. आता ही चाल पुष्कळ कमी झाली आहे, माझ्या दोन्ही सुना स्वतःचीच नावं लावतात. पण वंशावळीत असतात त्या बायका आधीच्या.

मी स्वतः त्यातली आहे. १९७४ साली माझं नाव तांदळात लिहिलं गेलं. मी अलका, आणि सासरी धाकट्या नणंदेचं नावही अलका. एका घरात दोन अलका कशा चालतील? म्हणून सुमित्रा. पाठराखीण म्हणून आलेल्या माझ्या चुलतीला नीट ऐकू आलं नाही. माहेरी जाऊन तिनं सांगितलं ‘सुमन ठेवलं’, आणि माहेरची चार पत्रं सुमनच्या नावानं आली. पोस्टमननं बरोबर दिली, तो हुशार होता. सहा वर्षांनी नोकरी लागली तेव्हा मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर अलका बाबुराव जाधव आणि रेशनकार्डावर सुमित्रा पवार. संस्थेनं राजपत्र मागितलं. राजपत्रात जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी छापून आलं. नाव बदललेल्या माणसाच्या वंशजांना यापेक्षा चांगला कागद सापडायचा नाही. पण राजपत्रात नाव छापून घेणाऱ्या बायका किती असतील? ज्यांना नोकरी, पासपोर्ट किंवा कोर्टाचं काम पडलं तेवढ्याच.

थोरामोठ्यांच्या बायकांचं तरी वेगळं काय होतं? आनंदीबाई जोशी, अमेरिकेतून १८८६ साली डॉक्टर होऊन आलेल्या, त्या माहेरी यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही माहेरी यमुना, देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या. झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरी मनकर्णिका तांबे. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरी मनकर्णिका गोखले. दोन यमुना निरनिराळ्या झाल्या आणि दोन मनकर्णिका एकच झाल्या. यांना आपण ओळखतो कारण यांची चरित्रं लिहिली गेली. आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेत पोकीप्सी इथल्या दफनभूमीत आहेत, आणि त्या दगडावर जोशी हे नाव शेवटी दोन ‘ई’ लावून कोरलं आहे. म्हणजे इंग्रजीत शोधणाऱ्यानं सरळ स्पेलिंग घातलं तर तिथंही अडलंच.

लिपीचं अडणं देवनागरीतही आहे, आणि ते मला उशिरा कळलं म्हणून सांगते. मी राहते त्या कराडला जुनी माणसं कऱ्हाड लिहायची. तो जो अर्ध्या चंद्रासारखा ‘र’ आहे, गोऱ्हे, बऱ्हाटे, कुऱ्हाडे यांच्यातला, तो संगणकावर दोन तऱ्हेनं टाईप होतो. डोळ्याला हुबेहूब सारखा, पण आत साठवलेली चिन्हं वेगळी. एका कीबोर्डवर नाव भरलं आणि दुसऱ्यावर शोधलं तर साधा प्रोग्रॅम ‘नाही’ म्हणतो. माझ्या एका मावसबहिणीचं सासर बऱ्हाट्यांचं. मी लॅपटॉपवर भरलं आणि भाच्यानं मोबाईलवर शोधलं. अर्धा तास आम्ही एकमेकांवर चिडलो. मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, ते तर वेगळंच.

तर यावर उपाय काय? माझ्या लाल वहीतलाच. भाच्यानं शोधून काढलं की बहुतेक प्रोग्रॅममध्ये मुख्य नावाखाली ‘इतर नावं’ अशी जागा असते, हवी तेवढी नावं घालता येतात आणि प्रत्येकाला प्रकार लावता येतो: जन्माचं, लग्नानंतरचं, टोपणनाव. मी आता प्रत्येक बाईचं जन्मनाव मुख्य ठेवते. खाली सासरचं संपूर्ण नाव, पहिलं बदललेलं असेल तर तेही, नवऱ्याच्या नावासकट. त्याखाली घरातलं हाकेचं, कारण आमच्याकडं निम्म्या बायका अक्का, माई आणि ‘बाळूची आई’ आहेत. वर दिसणारी शोधाची छोटी चौकट फक्त मुख्य नावात बघते. इतर नावांत बघायचं तर आतली मोठी चाळणी लावावी लागते. हे कुठल्या मदतीच्या पानावर मराठीत लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून इथं लिहिते. आपले वाचक वंशावळी करत असतील, हल्ली घरोघरी करतात, त्यांनी आधी आपल्या प्रोग्रॅममध्ये ही चाळणी कुठं आहे ते बघून ठेवावं आणि मगच टाईप करायला बसावं. मी उलट केलं आणि ४११ जणांची दुरुस्ती करण्यात पावसाळा गेला.

दुसरी एक अडचण एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात माहिती नेताना येते. त्यासाठी गेडकॉम नावाची एक सर्वमान्य पद्धत आहे. मॉर्मन पंथाच्या चर्चनं ती १९८४ साली काढली. ती फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. मी उघडून बघितली. प्रत्येक माणसाच्या ओळी, आणि नावाच्या ओळीत आडनावाला दोन बाजूंनी तिरक्या रेघा, जशी आपण हळदीकुंकवाची बोटं ओढावीत. त्या पद्धतीत नावाच्या प्रकारात ‘मॅरीड’ आहे, म्हणजे सासरच्या नावाला मान्यता आहे. पण काही प्रोग्रॅम ते नाव तिथं न ठेवता स्वतःच्या खासगी खुणेखाली ठेवतात, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला ती खूण कळली नाही तर तो ते वाटेत टाकून देतो. भाच्याच्या मोबाईलवर आमचं झाड गेलं तेव्हा सगळ्या बायका गेल्या, पण सासरची नावं निम्मीच पोचली. म्हणून एक बाड कागदावर छापून ठेवलं आहे.

छापील कुलवृत्तांतांची परंपरा आपल्याकडं जुनी आहे. इथल्या वाचनालयात काही आहेत, ते मी चाळले. त्यांत ही अडचण त्या लोकांनी चांगली ओळखली होती असं दिसतं. सुनेच्या नोंदीत सासरचं नाव, कंसात माहेरचं, आणि कुठल्या गावच्या कुणाची मुलगी ते. मुलीच्या नोंदीत कुणाला दिली ते. मात्र मुलगी दिली की तिची ओळ तिथंच संपते, कारण पुढचं दुसऱ्या कुळाच्या पुस्तकात. ते दुसरं पुस्तक निघालंच नसेल तर संपलंच. आमच्यासारख्या शेतकरी घरांची तर असली पुस्तकं क्वचितच. आमची वंशावळ होती ती हेळव्याच्या तोंडी. नंदीबैल घेऊन सुगीनंतर यायचा, ओसरीवर बसून पिढ्या म्हणायचा, धान्य घेऊन जायचा. माझ्या लहानपणी आलेला मला आठवतो. बायकांची नावं त्यानं म्हटली असतील तर ती मला आठवत नाहीत.

सरकारनं २०२४ मध्ये एक चांगली गोष्ट केली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम सक्तीचा झाला. विवाहित बाईला मालमत्तेच्या दस्तात लग्नाआधीच्या नावानं नोंद करायची मुभाही दिली आहे. आई कागदावर आली, आनंद आहे. पण आईचं नुसतं पहिलं नाव येतं, आणि ते बदललेलं असेल तर बदललेलंच येणार. पन्नास वर्षांनी त्या मुलाच्या नातीनं शोधलं तर तिला ‘सुमित्रा’ मिळेल. कुठली सुमित्रा? त्या फॉर्ममध्ये आणखी चार इंच जागा मिळाली आणि तिथं ‘ऊर्फ’ छापलं तर काय बिघडेल? १९३१ च्या कारकुनाला ते सुचलं होतं.

सरकारचं सरकार बघेल. आपल्याकडं मात्र एक विनंती आहे. निधनवार्ता देणाऱ्यांकडून आपण जो मजकूर घेता त्यात ‘पूर्वाश्रमीच्या’ म्हणून माहेरचं संपूर्ण नाव आणि गाव मागून घ्यावं. आपल्या पानावर कधी कधी हा शब्द येतो, पण बहुधा शिक्षिका, डॉक्टर, नगरसेविका अशांच्या बाबतीत. सगळ्यांच्या बाबतीत यावा. ‘सुना’ आणि ‘विवाहित मुली’ यांचीही नावं असावीत. जावयांची येतात, विशेषतः ते साहेब असले तर. जागेचा प्रश्न आहे हे मला कळतं. ‘अल्पशा आजाराने’ आणि ‘दुःखद निधन’ एवढे शब्द काढले तरी एक माहेर मावतं. वाचनालयात आपल्या अंकांच्या फाईली जपून ठेवतात, आणि पुढच्या पिढीला कुठल्याही खासगी खुणेपेक्षा त्या जास्त टिकाऊ पडतील.

शेवटी थोडं स्वतःचं काम. त्या ६१ पैकी आता ३८ उरल्या आहेत. त्यांत एक माझ्या वडिलांची आई आहे. सासरचं नाव यमुनाबाई. ते माहेरचंच होतं की सासरी ठेवलेलं, ते कळत नाही. माहेर जावळी तालुक्यात कोयनेच्या काठी होतं. ते गाव धरणाच्या पाण्यात गेलं आणि माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीकडं पांगली. तिच्या भावाच्या हातात सहा बोटं होती आणि तो तमाशात ढोलकी वाजवायचा, एवढं वडिलांनी सांगितलेलं आहे. गावाचं नाव मी वेगळ्या चिठ्ठीवर आपल्याकडं पाठवते आहे. आपल्या वाचकांत त्या गावचं कुणी असेल, किंवा सहा बोटांच्या ढोलकीवाल्याची जाधवांकडं दिलेली बहीण कुणाच्या घरच्या बोलण्यात असेल, तर तिचं माहेरचं नाव मला कळवावं. आपल्या पत्त्यावर पत्र आलं तर मी येऊन घेऊन जाईन.

आपली,
अलका जाधव ऊर्फ सुमित्रा पवार
कराड